देवाची साक्ष आणि जनवाद : तुकारामांच्या क्षमायाचनेच्या अभंगांचा एक विचार

भारतीय भक्तिकाव्याच्या अभ्यासात काही विधाने इतक्या वेळा केली गेली आहेत की ती तपासून पाहण्याची निकड आता कोणास वाटत नाही. संतांनी लोकांच्या निंदास्तुतीची पर्वा केली नाही, त्यांना केवळ देवाची पसंती हवी होती, हे अशा विधानांपैकी एक. अक्कमहादेवी, कबीर, मीरा, तुकाराम ही नावे ओळीने मांडावीत, त्यांच्यापुढे हे विधान जोडावे, की भारतीय साहित्याच्या एकात्मतेवरचा एक परिच्छेद अनायासे सिद्ध होतो. विधान खोटे आहे असे नव्हे. ते अपुरे आहे, आणि त्याचा अपुरेपणा ज्या ठिकाणी उघडा पडतो ते ठिकाण मराठीत आहे. मराठीबाहेरच्या अभ्यासकांचे तिकडे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. मराठी अभ्यासकांचे गेले आहे, पण बहुधा चरित्राच्या अंगाने.

प्रश्न असा आहे. कवी म्हणतो की मला जनांची मान्यता नको, देवाची हवी. पण हे तो म्हणतो कोणापुढे? अभंग, पद, वचन हे सारे प्रकार गाऊन, म्हणून, ऐकवून पोहोचणारे आहेत. कीर्तनात उभा राहून जो लोकांना नाकारतो, तो लोकांसमोरच नाकारतो. दुसरे असे की देवाने मान्यता दिली हे कळायचे कसे? कवीला ते अंतःकरणात कळत असेल. इतरांना कळण्यासाठी काही बाह्य खूण लागते. आणि खूण मागितली रे मागितली की ती पाहणारे, पारखणारे आणि तिच्यावर शिक्का मारणारे लोकच असतात. नाकारलेला जनसमुदाय मागच्या दाराने पुन्हा न्यायासनावर येऊन बसतो.

आपल्या वाङ्मयीन परंपरांनी अशा खुणांच्या कथा विपुल रचल्या आहेत. बाराव्या शतकातील सेक्किळारच्या पेरियपुराणात संबंदर आणि जैन मुनी यांचा मदुरेतील वाद आहे. त्यात संबंदराचे ताडपत्र अग्नीत टाकले तरी जळत नाही आणि वैगई नदीत टाकले तर प्रवाहाविरुद्ध चालू लागते. कंबनाचे रामायण श्रीरंगमला वाचले जात असता नृसिंहमूर्तीने संमती दर्शविली, असे तमिळ परंपरा सांगते. तुलसीदासांचा मानस काशीला विश्वनाथाच्या देवळात रात्रभर संस्कृत ग्रंथांच्या तळाशी ठेवला होता आणि सकाळी तो सर्वांच्या वर सापडला, ही कथा तर उत्तरेत लहान मुलांनाही ठाऊक असते. या कथा ऐतिहासिक नाहीत हे सांगण्याची आवश्यकता नाही. त्या कशासाठी आहेत, हे पाहणे महत्त्वाचे. ग्रंथाला समाजात स्थान नाही, अधिकारी मंडळी विरुद्ध आहेत, तेव्हा वाद एका वरच्या न्यायालयात नेला जातो आणि तिथला निकाल खालच्या न्यायालयावर बंधनकारक ठरतो. देवाची मान्यता येथे लोकमान्यतेला पर्याय म्हणून आलेली नाही; ती लोकमान्यता मिळविण्याचे साधन आहे.

पुरीच्या जगन्नाथाच्या बाबतीत तर हे साधन राजाज्ञेपर्यंत पोहोचलेले दिसते. जयदेवाच्या गीतगोविंदाला स्पर्धा म्हणून राजाने स्वतःचे एक काव्य रचले, दोन्ही पोथ्या देवापुढे ठेवल्या, आणि देवाने जयदेवाची पोथी जवळ केली, अशी आख्यायिका आहे. ती केवढी जुनी हा प्रश्न बाजूला ठेवू. पण गजपती प्रतापरुद्रदेवाचा १४९९ सालचा ओडिया शिलालेख जगन्नाथमंदिरात आजही आहे, आणि त्यात देवापुढे नाचणाऱ्या-गाणाऱ्यांनी गीतगोविंदाखेरीज दुसरे काही गाऊ नये अशी ताकीद आहे. देवाला जे आवडते त्याचा निर्णय दगडावर कोरून ठेवणारा हात राजाचा आहे.

(तमिळमध्येच या साऱ्या कथांना छेद देणारी एक कथा आहे, तिचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. मदुरेच्या संघात दरुमी नावाच्या गरीब ब्राह्मणाने शिवाने स्वतः रचून दिलेली कविता वाचली. नक्कीरर या पंडिताने तिच्यात दोष काढला. शिव स्वतः पुढे आला, त्याने तिसरा डोळा उघडला, तरी नक्कीरर आपल्या मताला चिकटून राहिला. म्हणजे येथे देवच कवी आहे आणि त्याला पंडितांची मान्यता मिळत नाही. समीक्षकांच्या व्यवसायाला इतका मोठा मान दुसऱ्या कुठल्या भाषेने दिला असेल असे वाटत नाही.)

आता तुकारामांकडे वळू. इंद्रायणीत वह्या बुडविल्याचा प्रसंग मराठी वाचकाला सांगावा लागत नाही, इतरांसाठी थोडक्यात. वाघोलीच्या रामेश्वरभट्टांनी आक्षेप घेतला की शूद्राच्या मुखातून प्राकृतात वेदार्थ प्रकट होतो आहे, हे अशास्त्र आहे. वह्या पाण्यात बुडवाव्यात. तुकारामांनी त्या देहूच्या डोहात बुडविल्या आणि ते देवळासमोर अन्नपाणी सोडून पडून राहिले. तेरा दिवसांनी वह्या कोरड्या वर आल्या. महिपतीने भक्तलीलामृतात, म्हणजे १७७४ साली, ही कथा सविस्तर रंगविली आहे. तिच्यात देहूचे टवाळ लोक आहेत. त्यांचे बोलणे मार्मिक आहे: याने पूर्वी देण्याघेण्याची खतपत्रे याच नदीत बुडविली, तेव्हा प्रपंच गेला, आता अभंग बुडविले, परमार्थही गेला. शेवटी देव गावकऱ्यांना स्वप्नात दृष्टांत देतो, गाव नदीकाठी लोटते, वह्या तरंगताना दिसतात. महिपतीची कथा अशा रीतीने पूर्णपणे वरच्या परंपरेत बसते. निंदक गाव हाच साक्षीदार होतो, आणि पुढे स्वतः रामेश्वरभट्ट शरण येतात. न्यायालयाचा निकाल लागला आणि तो खाली कळविला गेला.

परंतु याच प्रसंगावरचे तुकारामांचे म्हणून गाथेत जे अभंग आहेत ते वाचू लागलो की सूर सर्वस्वी वेगळा लागतो. तिथे जयघोष नाही. रामेश्वरभट्टांचे नाव नाही. गावाचा पराभव नाही. आहे ती केवळ लाज आणि क्षमेची याचना. आपण मोठा अपराध केला, असे कवी देवाला सांगतो, आणि अपराध कोणता तेही स्पष्ट करतो: चार लोक काही बोलले म्हणून मी मन विचलित होऊ दिले आणि त्यासाठी तुझ्या सहनशीलतेचा शेवट पाहिला. डोळे मिटून तेरा दिवस पडून राहिलो, तहानभुकेचे सारे ओझे तुझ्यावर टाकले. माझ्या मानेवर सुरी आली नव्हती, पाठीवर घाव बसला नव्हता. तरी मी एवढा आकांत मांडला. तुला दोन ठिकाणी वाटून घ्यावे लागले, एकीकडे माझ्यापाशी आणि एकीकडे डोहात. तुला पाण्यात उभे केले. यापुढे कोणी माझी मान कापली तरी चालेल, पण तुला शीण होईल असे मी करणार नाही.

हा भाव परंपरेत दुर्मीळ आहे. वह्या राखल्या, लोकापवाद टाळला, ब्रीद खरे केले, याबद्दल कृतज्ञता या अभंगांत आहेच; परंतु कृतज्ञतेपेक्षा मोठी आहे ती ही जाणीव की मागणीच चुकीची होती. कवीने देवाकडे मान्यता मागितली, पण ती कोणाला दाखविण्यासाठी? जनांना. म्हणजे तेरा दिवस जे चालले होते ते देवाची पसंती मिळविणे नव्हते, देवाकडून लोकांना उत्तर मिळविणे होते. देवाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करणे होते. आणि साक्षीदाराचे स्थान न्यायाधीशापेक्षा नेहमीच खालचे असते. ज्या क्षणी चमत्कार घडला त्या क्षणी तुकारामांना हे उमगले, आणि त्यांनी विजयाचा स्वीकार करण्याऐवजी क्षमा मागितली.

येथे एक पाठचिकित्सेचा आक्षेप येऊ शकतो. गाथेतील सुमारे साडेचार हजार अभंगांपैकी तुकारामांचे अस्सल कोणते, हा वाद १८६९ साली इंदुप्रकाशच्या छापखान्यातून शंकर पांडुरंग पंडितांची गाथा निघू लागली तेव्हापासून मिटलेला नाही. हे अभंगही उत्तरकालीन असू शकतात, असे कोणी म्हणेल. प्रसंगाचा निर्देश मात्र जुना आहे. तुकारामांच्या शिष्या बहिणाबाई (१६२८–१७००) यांच्या अभंगांत तेरा दिवस पाण्यात राहिलेल्या वह्यांचा उल्लेख येतो. आणि क्षमायाचनेचा सूर कोणी मागाहून रचला असे मानणे मला अवघड वाटते. मागाहून रचणारा भक्त चमत्कार वाढवतो. चमत्कार घडला याची लाज वाटणारा कवी कल्पिणे हे चरित्रकाराच्या प्रकृतीत बसत नाही. महिपतीला हे अभंग अपरिचित नसावेत, तरी कथेचा शेवट त्याने गावाच्या डोळ्यांसमोर केला, यातच दोन दृष्टींचे अंतर कळते.

आधुनिक काळात या प्रसंगाचा एक बुद्धिवादी अर्थ रूढ झाला. वह्या बुडाल्या, पण अभंग लोकांच्या तोंडी होते. लोकगंगेने ते तारले. या अर्थाचे आकर्षण मान्य केले पाहिजे. तो चमत्कारही सोडवतो आणि तुकारामांना लोककवी म्हणून स्थापितही करतो. वर्गात शिकवताना तो हाताशी असला की सोयीचे होते. पण त्याने एक अदलाबदल केली आहे. जिथे देव होता तिथे लोक आले. ज्यांच्या बोलण्याने मन क्षुब्ध झाले म्हणून कवीने क्षमा मागितली, तेच लोक आता तारणहार झाले. त्यामुळे ज्या ताणातून हे अभंग निर्माण झाले तो ताणच शिल्लक राहत नाही, आणि क्षमेचे अभंग निरर्थक होतात. लोकगंगेची क्षमा कोणी मागत नाही.

तुकारामांना जे अनुभवातून कळले त्याची तात्त्विक मांडणी त्यांच्यापूर्वी सुमारे सहाशे वर्षे, लाहोरमध्ये, फारसी भाषेत झालेली होती. दोन्हींमध्ये प्रभावाचा संबंध सुचविण्याचा हेतू नाही. एकाच पेचाचे दोन नकाशे शेजारी ठेवावेत एवढेच. नवव्या शतकात नैशापूरला मलामती नावाचा एक सूफी पंथ उदयास आला. हमदून अल्-कस्सार हे त्यातले प्रमुख नाव. लोकांची स्तुती हे साधकाच्या मार्गातले सर्वांत मोठे विघ्न, म्हणून आपले पुण्य झाकावे आणि लोकनिंदा ओढवून घ्यावी, अशी त्यांची वृत्ती होती. अकराव्या शतकात लाहोरला स्थायिक झालेल्या अली हुज्वीरींनी आपल्या कश्फुल-महजूब या ग्रंथात निंदेवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्यात बायजीद बस्तामींची कथा येते. ते हिजाजहून परतताना रै शहरात शिरले. लोक स्वागताला धावले. त्या गर्दीने त्यांचे मन ईश्वरापासून ढळू लागले. बाजारात त्यांनी बाहीतून भाकरी काढली आणि खाऊ लागले. महिना रमजानचा होता. सारी गर्दी पांगली. प्रवाशाला उपवासाची सक्ती नसते, म्हणजे त्यांनी धर्माचा भंग केलाच नव्हता; परंतु गर्दीला हे सुचले नाही.

कथा सुंदर आहे, आणि दुसरा एखादा लेखक येथेच थांबला असता. हुज्वीरी थांबत नाहीत. जो स्तुतीसाठी आचरण करतो तो लोकांकडे पाहतो, आणि जो निंदेसाठी आचरण करतो तोही लोकांकडेच पाहतो. दोघांचीही दृष्टी माणसांवर खिळलेली आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. निंदा मागणे हाही दिखावाच. ‘संतांनी लोकांची पर्वा केली नाही’ या आपल्या आवडत्या विधानाला हुज्वीरींचा हा आक्षेप लागू पडतो. लोकांना धिक्कारणे ही पर्वा न करण्याची खूण नव्हे. मनुष्य ज्याची खरोखर पर्वा करीत नाही त्याच्यावर शेकडो अभंग लिहीत नाही.

मग तुकारामांनी सोडवणूक कशी केली? असत्य-सत्याच्या निवाड्यात मनाला साक्षी ठेवले, बहुतांचे मत मानले नाही, अशा आशयाचा त्यांचा आत्मचरित्रपर अभंग प्रसिद्ध आहे. तो एकट्या व्यक्तीच्या विवेकाचा जाहीरनामा म्हणून उद्धृत होतो, आणि एकोणिसाव्या शतकातील उदारमतवादाच्या संस्कारात वाढलेल्या आपल्याला तो तसाच वाचावासा वाटतो. परंतु तो अभंग आरंभापासून वाचावा. कवी आपली जात सांगतो, व्यवसाय सांगतो, विठोबा घराण्यात पूजिला जात होता हे सांगतो. आणि हे सारे सांगणे योग्य नव्हते, पण तुम्ही संतांनी विचारले म्हणून तुमचा शब्द पाळतो, असे म्हणतो. म्हणजे बहुमत नाकारणारा हा अभंगही एका मंडळीच्या आग्रहावरून, त्या मंडळीपुढे बोललेला आहे. देव आणि जन या दोहोंच्या मध्ये तिसरे पद आहे: संत. कवित्वाची आज्ञासुद्धा तुकारामांना एकट्या देवाकडून झालेली नाही. स्वप्नात नामदेव विठ्ठलासह आले आणि नामदेवांची शतकोटी अभंगांची अपुरी राहिलेली प्रतिज्ञा पुरी करण्याचे काम त्यांनी सोपविले, असे ते सांगतात. देवाची मान्यता येथे पूर्वसूरींच्या हातून येते.

मराठी ‘जन’ आणि ‘संत’ ही दोन्ही पदे इतर भाषांत नेताना अनुवादकांची अडचण होते, ती यामुळे. ‘जन’ म्हणजे सारी माणसे नव्हेत, आणि ‘संत’ म्हणजे केवळ पुण्यपुरुष नव्हेत. एक समुदाय तोलतो, दुसरा ऐकतो. तोच शेजारी बाजारात जन असतो आणि कीर्तनात संत होऊ शकतो, रामेश्वरभट्ट झालेच. वारकऱ्यांनी परस्परांच्या पाया पडण्याची जी प्रथा पाडली तिच्यात तोलण्याचा अधिकार सर्वांनीच सोडून दिलेला असतो, निदान तेवढ्या क्षणापुरता.

ही सोडवणूक सर्वांना सारखी उपलब्ध नव्हती. जन जेव्हा घरातच असतात तेव्हा काय होते, हे स्त्रियांच्या रचनांत पाहावे लागते. मीरेबद्दल नाभादासांनी इ.स. १६०० च्या सुमारास लिहिताना लोकलाज सोडली हाच तिचा मुख्य विशेष मानला आहे, आणि १७१२ मध्ये प्रियादासांनी त्याभोवती कथा रचल्या. तिच्या कथेत सासर हेच विरोधी न्यायासन आहे, आणि ती ते सोडून निघून जाते. पण निघून गेलेल्या मीरेची पदे कोणी रचली? जुन्या हस्तलिखितांत तिच्या नावाची पदे अगदी थोडी सापडतात. आज मिळणारा मोठा संग्रह पुढच्या पिढ्यांतील गाणाऱ्यांनी वाढविलेला आहे. राजस्थान-सौराष्ट्रातील तथाकथित खालच्या जातींनी मीरा कशी जपली, आणि राजपूत प्रतिष्ठेने तिचे नाव कसे टाळले, हे परिता मुक्ता यांनी १९९४ च्या आपल्या पुस्तकात दाखविले आहे. एका जनाने नाकारलेली स्त्री दुसऱ्या जनाने गाऊन घडविली.

बहिणाबाईंचे प्रकरण याहून बिकट आहे, कारण त्या निघून गेल्या नाहीत. त्यांच्या आत्मनिवेदनाच्या अभंगांत कोल्हापूरचा प्रसंग आहे. वासराच्या घटनेनंतर लोक त्यांना पाहायला येऊ लागले, स्वप्नात तुकारामांनी उपदेश केला, आणि ब्राह्मण पती संतापला. शूद्र गुरू हा त्याचा एक आक्षेप; दुसरा असा की लोक हिला नमस्कार करतील आणि आम्हाला गवताच्या काडीइतकेही मानणार नाहीत. येथे लोकांची निंदा नव्हे, लोकांची मान्यता हेच संकट आहे. ती मान्यता त्यांनी मागितली नव्हती, तरी तिची शिक्षा त्यांनाच झाली. पती घर सोडून जायला निघतो. तेव्हा बहिणाबाई एक निर्णय करतात, आणि तो वाचताना आजचा वाचक अस्वस्थ होतो: पती हाच देव, दगडाचा विठ्ठल आणि स्वप्नातला तुका यांच्यासाठी प्रत्यक्ष सुख का गमवावे?

याला पराभव म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, आणि अनेकांनी तसे केले आहे. परंतु या अभंगांत विठ्ठलाला दगड म्हणण्याचे धैर्य आहे, तुकारामांना स्वप्न म्हणण्याचा कोरडेपणा आहे. देवाची मान्यता कोठून यावी याची निवड करायची वेळ आली असता त्यांनी कोणतीही खूण मागितली नाही. नदी नाही, देऊळ नाही, तेरा दिवस नाहीत. पुढे पती आजारातून उठतो तो पालटलेला असतो, आणि दोघे मिळून देहूला जातात. तुकारामांचे प्रत्यक्ष दर्शन होते. राहायला जागा हवी म्हणून ते मंबाजी गोसाव्याकडे जातात, आणि ब्राह्मणांनी शूद्राला गुरू मानावे याबद्दल तिथेही तोच संताप वाट्याला येतो. शेवटी देवळाजवळच्या ओवरीत ती दोघे बिऱ्हाड थाटतात, आणि संध्याकाळी कीर्तनाला जातात.